शंभर पावलं पश्चिमेला

रविवार, ४ नोव्हेंबर १९५६. चिंचवड.

हॉटेलची खरी किंमत आज एकदा लिहून ठेवतो. खरेदीखतावर चार गुंठे, दोनशे साठ रुपये. त्यात हिच्या दोन्ही पाटल्या धरलेल्या नाहीत. धाकट्या भावाशी तुटलेलं बोलणं धरलेलं नाही; त्याला वाटलं होतं, पैसे गावाकडच्या विहिरीला येतील. पाया खणताना पहार पडून डाव्या अंगठ्याचं नख गेलं, तेही नाही. अकरा वर्षं झाली. नख परत आलं, वाकडं. भाऊ आला नाही.

हे सुचायला कारण एक पुस्तक. समोर वाटेपलीकडे कादरभाईंचं किराणा दुकान. त्यांच्या रद्दीत अमेरिकेच्या इतिहासाचं मराठी पुस्तक आलं. पुठ्ठा नाही, नाव नाही, मागचं अर्धं अंग पुड्यांसाठी आधीच सुटं केलेलं. पुढचं अर्धं मी दोन आण्यांना घेतलं. भलतंच चांगलं आहे. १८०३ साली तिथल्या सरकारने पश्चिमेचा मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला आणि देश एका सहीत दुप्पट केला. एकरी तीन-चार सेंट पडला. ज्या अध्यक्षाने घेतला त्याला स्वतःलाच शंका, की घटनेत असं काही घ्यायचा अधिकार आपल्याला दिलाय कुठे? शंका बाजूला ठेवली आणि सही केली. अशी माणसं मला समजतात.

मीही त्याच जातकुळीचा. चौदाव्या वर्षी खटावातून खडकीला आलो, सोल्जरांच्या कॅन्टीनात कप धुतले. बोटं सोड्याने पांढरी पडायची. हे हॉटेल उघडलं त्या दिवशी ठरवलं, हिंदुराव यापुढे दुसऱ्याचा कप धुणार नाही. अकरा वर्षं पाळलं आहे. आणि कागद असा पक्का, की दिल्लीचं सरकार आलं तरी या चार गुंठ्यांतून मला हलवू शकत नाही.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. दुपारी.

बातमी. माझे कान बरे आहेत, भजी तळतानाही तिसऱ्या टेबलावरचं कुजबुजणं ऐकू येतं. आज तिथे सरकारी ओव्हरसियर बसले होते. सोलापूरकडचे, गरीब स्वभावाचे, बशीतून पितात. ते हाताखालच्या माणसाला सांगत होते: वरच्या माळावर केंद्र सरकारचा कारखाना होणार. स्टेशनापासून तिथवर साठ फुटी रस्ता. आणि तो या गाडीवाटेने नाही, हॉटेलच्या मागून, पश्चिमेने, साधारण शंभर पावलांवरून.

भजी करपली.

माझं हॉटेल या गाडीवाटेवर जगतं. स्टेशनातून वर जाणारा प्रत्येक माणूस माझ्या दारावरून जातो म्हणून चहा पितो. उद्या तो मागून गेला तर माझ्या दारात कोण येणार? कादरभाई येतील, ते उधारीवर पितात.

हिला सांगितलं. म्हणाली, मग आपण पाठीमागे खिडकी पाडू. बायकांना भूगोल कळत नाही.

बुधवार, १४ नोव्हेंबर.

पुस्तकात उत्तर सापडलं. पान एकशे सात. अमेरिकेचं सरकार मोजणी करायच्या आतच लोक पश्चिमेला जायचे, ओंडक्यांचं घर बांधायचे, मका लावायचे. सरकारी फौज येऊन घरं जाळायची. फौजेची पाठ फिरली की हे पुन्हा बांधायचे. शेवटी सरकार दमलं आणि कायदाच केला: जो आधी जाऊन बसला, जमीन विकत घ्यायचा पहिला हक्क त्याचा.

म्हणजे दिल्लीची मोजणी व्हायच्या आत मी पश्चिमेला पाहिजे. हॉटेलच्या मागे गावाचं गायरान, त्यापलीकडे ओढा. गायरान म्हणजे कोणाचंच नाही. शंभर पावलं म्हणजे मोजून शंभर पावलं. तिथे खोपट बांधायचं, थोडं पेरायचं. रस्ता आला की रस्त्यावरचं पहिलं हॉटेल माझं.

संकल्प: रविवारी खोपट उभं. पाटीही मनात ठरली. ‘हिंदुराव टी हाउस, फॅक्टरी रोड.’

रविवार, १८ नोव्हेंबर.

खोपट उभं राहिलं. आठ बांबू, चार पत्रे, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. हरभऱ्याच्या चार ओळी टाकल्या. माळावर उभं राहून स्टेशनाकडे पाहिलं. गाडी धूर न सोडता विजेवर लोणावळ्याला गेली. प्रगती आहे.

ही डबा घेऊन आली, खोपटाभोवती फिरली, आत डोकावली. म्हणाली, माझ्या पाटल्या त्या भिंतींत आहेत, इथे नाहीत. मी म्हटलं, इथे दुप्पट होतील. ती म्हणाली, बरं. हिचं ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.

गुरुवार, २२ नोव्हेंबर.

दुर्गाबाई आली होती. गावातली जुनी बाई, नवरा गेलेला, अकरा शेळ्या आहेत, त्यांच्यावरच पोट. त्या शेळ्या माझ्या कुंपणापाशी येऊन उभ्या आणि बाई खोपटाच्या दारात कमरेवर हात ठेवून. म्हणाली, शेट, ह्ये काटं कुणी टाकलं? मी तिला नीट समजावलं, की जमीन त्याची जो तिच्यावर कष्ट करतो, तुम्ही इथे काय केलंत? ती म्हणाली, माझ्या सासूच्या सासूपास्नं शेरडं हितं चरत्यात, ती काय बसून खात्यात व्हय? मी म्हटलं, चरणं हा कष्ट नाही, पेरणं हा कष्ट. तिने हरभऱ्याकडे पाहिलं. म्हणाली, चार वळी.

मग शेळ्यांना म्हणाली, चला गं, शेटनी रान इकत घेतलं.

हॉटेलातून बघायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी हे ऐकलं. हसले. पुस्तकात अशा प्रसंगांचं वर्णन थोडक्यात आहे. ‘मूळ रहिवाशांशी काही ठिकाणी मतभेद झाले’ असं एकच वाक्य.

संकल्प: दुर्गाबाईला रोज एक कप चहा फुकट. रस्ता होईपर्यंत.

मंगळवार, ४ डिसेंबर.

दुर्गाबाई फुकटचा चहा घेत नाही. कपात पाहते आणि म्हणते, दूध माज्याच शेरडाचं दिसतंय.

ओव्हरसियरसाहेब आले. त्यांच्याशी घटनेवर बोललो. अमेरिकेत एका अध्यक्षाने रस्त्याचं बिल परत पाठवलं होतं, कारण केंद्राने रस्ते बांधावेत असं घटनेत कुठे लिहिलेलं नाही. मग मुंबई सरकार बसलेलं असताना दिल्लीला चिंचवडात रस्ता आखायचा अधिकार आला कुठून? शेजारच्या टेबलावर संयुक्त महाराष्ट्रवाले बसले होते, त्यांनी टेबलं वाजवली. एकजण म्हणाला, बरोबर हाय, दिल्लीवाल्यांनी सगळ्या रेघा आपल्याच अंगावर ओढल्यात.

साहेबांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, हिंदुराव, मला चुना, दोरी आणि दोन माणसं दिलीत. अधिकार काय ते वर राहतात. आणखी एक चहा द्या.

बोलणं त्यांना पटलेलं दिसलं.

सोमवार, १७ डिसेंबर.

वाईट दिवस. मोजणीचे दगड बसले. तासलेले काळे दगड, डोक्यावर बाण आणि नंबर. स्टेशनाकडून एकेक बसवत आले. सतरा नंबरचा माझ्या खोपटाच्या उंबऱ्यात.

मी धावत गेलो. साहेबांना म्हटलं, तुम्ही शंभर पावलं म्हणाला होता. ते म्हणाले, बरोबर, ही शंभर पावलं. मी म्हटलं, रस्ता माझ्या दारावरून जायला हवा. ते म्हणाले, दारावरून नाही, घरातून जातोय. आणि हे घर इथे कधी झालं?

पावलं मी अचूक मोजली होती. तिथेच चूक झाली. एकशे वीस मोजायला हवी होती.

पुस्तक काढलं. व्हिस्कीवर कर बसवला म्हणून पश्चिमेच्या शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा केंद्राने तेरा हजार फौज पाठवली, असं आहे. हे पान मी आधी भरभर वाचलं होतं.

शुक्रवार, २१ डिसेंबर.

तीन दिवस झोप नाही. हिला झोपेची गोळी हवी का असं विचारलं, म्हणाली, मला नको, तुम्हीच घ्या.

आज कढईसमोर उभा असताना सुचलं. अमेरिकेत जे नव्हतं ते आपल्याकडे आहे. तिथे सरकार घर जाळू शकत होतं. इथे कोणतं सरकार देवाला हात लावेल?

कादरभाईंकडे गेलो, अर्धा पावशेर शेंदूर मागितला. तोलता तोलता त्यांनी विचारलं, हिंदुरावशेट, मारुतीला की म्हसोबाला? म्हटलं, घरगुती. त्यांनी नेहमीसारखी पुडी बांधली.

शनिवार, २२ डिसेंबर. दुपारी अडीच.

दीड वाजता माळावर चिटपाखरू नसतं. दगड नंबर सतरा. शेंदूर तेलात कालवून दोन हात दिले. बाण झाकला. नंबर झाकला. दोन डोळे काढले. घाईत एक डोळा मोठा झाला. त्याने उलट बरं दिसतं, कडक दिसतो. समोर लिंबू, हळदीकुंकू.

दगड मी हलवलेला नाही, हे इथे नमूद करतो. दगड हलवणं गुन्हा आहे. नमस्कार करणं नाही.

सोमवार, २४ डिसेंबर.

देव प्रकट झाला. दुर्गाबाईने पहिल्यांदा पाहिला. शेळ्या सोडून गावात गेली आणि तासाभरात तीसेक बायका घेऊन आली. म्हसोबा वर आला म्हणाली. वाकून वाकून दर्शन घेतलं, नाक जमिनीला टेकेस्तोवर. बाईची भक्ती खरी. मला थोडं वाईट वाटलं.

नारळ फुटले. माणसं हॉटेलात आली. दुपारी साडेतीनपर्यंत दूध संपलं. ओव्हरसियरसाहेबही येऊन गेले, देवासमोर टोपी काढून उभे राहिले आणि खिशातला नकाशा उलटा सुलटा करत राहिले.

अमेरिकेच्या लोकांना हे सुचायला हवं होतं.

मंगळवार, ८ जानेवारी १९५७.

देवस्थान कमिटी स्थापन. अध्यक्ष, हिंदुराव. अर्ज मीच लिहिला. सहा सह्या, त्रेचाळीस अंगठे. पहिली सही माझी, तीही इंग्रजीत, वजन पडावं म्हणून. अर्जाचं शेवटचं वाक्य चांगलं उतरलं आहे: ‘तरी लोकभावनेचा मान राखून रस्ता बाजूला घ्यावा, किती आणि कोणीकडे, ते मायबाप सरकारच्या मर्जीवर सोडतो.’

सरकारशी असंच बोलायचं असतं. त्याला एक दार उघडं ठेवायचं. रस्ता सरकणार तो पश्चिमेलाच, हे उघड आहे. चाळीस पावलं ओढ्याकडे गेला की माझं खोपट बरोबर रस्त्याच्या कडेला. जे हवं होतं तेच.

ही म्हणाली, कोणीकडे ते लिहिलं असतं तर? मी तिला मुत्सद्देगिरी म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, बरं.

बुधवार, ३० जानेवारी. अमावस्या.

कमिटी झाल्यापासूनची म्हसोबाची पहिली अमावस्या. अडीचशे माणूस. तीन कोंबडी. पिंपळे गुरवहून सुद्धा लोक आले.

एक अडचण झाली. गावकरी म्हणाले, देवाच्या तोंडासमोर कुणाचं खोपट बरं दिसत नाही, देवाची नजर अडते. दुर्गाबाई सगळ्यांत पुढे. म्हणाली, अध्यक्ष, तुमीच सांगा, देवाच्या रानात माणसानं ऱ्हावं का? अडीचशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी अध्यक्ष. म्हटलं, राहू नये.

पत्रे त्यांनीच उतरवून आणून दिले, चारही. कुंपण शेकोटीला गेलं. हरभरा शेळ्यांनी खाल्ला, प्रसाद म्हणून.

ही माघार नव्हे. जागा देवाच्या नावाने सुरक्षित झाली आणि देवाचा कारभार कमिटीकडे. कमिटी म्हणजे मी.

शनिवार, ९ फेब्रुवारी.

जिंकलो! अर्ज मंजूर! साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, वरून कागद आला, लोकभावनेचा मान राखून आखणी बदलली. मी सगळ्या हॉटेलला फुकट चहा दिला. एकोणतीस कप. संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी घोषणा दिली. कादरभाईंनी दुकानातून हात केला.

साहेब चहा न पिताच गेले. घाईत असतील.

सोमवार, ११ फेब्रुवारी.

सकाळी नऊ वाजता साहेबांचा माणूस स्वयंपाकघरात आला आणि पाण्याच्या पिंपाशेजारी लाल झेंडी रोवून गेला. मला वाटलं, चुकून.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. चारही कोपऱ्यांवर माझेच कप ठेवले. पश्चिमेला ओढा आहे, म्हणाले. तिकडे सरकायचं तर पूल हवा आणि एस्टिमेटमध्ये पूल नाही. म्हणून पूर्वेला. पूर्वेला आयती गाडीवाट आहे, तीच साठ फूट रुंद करायची. मी म्हटलं, मग पलीकडे रुंद करा, कादरभाईंच्या बाजूला भरपूर मोकळं आहे. हे मी त्यांच्या देखत म्हटलं नाही. साहेब म्हणाले, तिकडे तारेचे खांब आहेत, ते दिल्लीच्या दुसऱ्या खात्याचे. खांब हलवायला दोन वर्षं लागतात. हॉटेल हलवायला दोन महिने.

मग हळू आवाजात म्हणाले, हिंदुराव, तुमचा अर्ज आला नसता तर रस्ता मागूनच गेला असता हो.

ही कप गोळा करायला आली. नकाशाचे कोपरे एकेक करून गुंडाळले. या वेळी ‘बरं’ सुद्धा नाही.

सोमवार, १८ फेब्रुवारी.

खचायचं कारण नाही. कागद पक्का आहे. हरकत घ्यायला मुदत आहे.

कादरभाईंकडून शेंगदाणे आणले. पुडी सोडली तर ओळखीचा टाइप. आपल्याच पुस्तकाचं पान, मागच्या अर्ध्या अंगातलं! चेरोकी नावाच्या लोकांची हकिकत. पूर्वीपासून तिथेच राहणारे. पक्की घरं, नांगर, शाळा, स्वतःची लिपी, स्वतःचं वर्तमानपत्र. गोऱ्यांसारखी घटनासुद्धा लिहून काढली होती. गोरे जमीन मागायला लागले तेव्हा यांनी हत्यार उचललं नाही, अर्ज केले. सगळ्यांत वरच्या कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पुढे ‘तथापि’ असा शब्द आहे आणि पान संपतं.

तसाच उठून कादरभाईंकडे गेलो. पुढचं पान कुठे? त्यांनी गठ्ठा चाळला. म्हणाले, शेट, ते काल साबुदाण्यात गेलं, आकुर्डीला.

निकाल बाजूने लागला होता, म्हणजे पुढे चांगलंच झालं असणार. संकल्प: आपणही वरपर्यंत जायचं.

शेंगदाणे तसेच राहिले.

मंगळवार, ५ मार्च. पुणे.

कलेक्टर कचेरी. सकाळी आठपासून बाकावर. क्लार्कने फाइल काढली. हरकतदाराचं नाव हिंदुराव. ज्याच्या अर्जावरून आखणी बदलली त्याचंही नाव हिंदुराव. क्लार्कने दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या आणि विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण? मी म्हटलं, देवस्थान कमिटी वेगळी, मी वेगळा. तो म्हणाला, सही मात्र एकच आहे, छान इंग्रजी आहे.

सरकारी भावाने भरपाई मिळेल. चार गुंठ्यांची. पाटल्यांचा रकाना फॉर्ममध्ये नाही, पाहिलं.

बाकावर शेजारी एक निवृत्त मास्तर होते, भावकीच्या कागदांसाठी आलेले. इतिहासाचे. वेळ जावा म्हणून विचारलं, अमेरिकेतल्या चेरोकींचं पुढे काय झालं? कोर्टात जिंकले होते ना? मास्तरांनी चष्मा पुसला. म्हणाले, जिंकले. पण कोर्टाकडे फौज नसते, सरकारकडे असते. काही वर्षांनी फौज आली. घरांतून काढलं, चालवत नेलं. चौघांतला एक वाटेत गेला म्हणतात.

मी विचारलं, कुठे नेलं?

मास्तर म्हणाले, पश्चिमेला.

तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला.

गुरुवार, १४ मार्च.

दुर्गाबाई हॉटेलात आली. पहिल्यांदाच आत येऊन बाकावर बसली. शेळ्या दाराशी. चहा मागितला, पैसे आधी टेबलावर ठेवले.

म्हणाली, शेट, एक इचारू का? देवाला शेंदूर लावताना त्याल कढईतलंच घेतलं व्हतं न्हवं? मी फडक्याने टेबल पुसलं. ती म्हणाली, पयल्याच दिशी वळखलं. देवाच्या अंगाला भज्याचा वास येत व्हता. वाकून वाकून हुंगलं मी.

मी म्हटलं, मग तीस बायका कशाला आणल्यात? ती म्हणाली, मंग काय करू? तुमी काटं टाकलं, सरकार रस्ता टाकणार. शेरडांना म्हसोबाबिगर कोन व्हतं? आता रान ऱ्हायलं.

कप खाली ठेवला. मग म्हणाली, तुमचं हाटेल जाईल असं न्हवतं वाटलं. खरंच न्हवतं. म्हसोबाची आण.

कोणत्या म्हसोबाची, हे मी विचारलं नाही. तिने टेबलावर ठेवलेले पैसे परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

सोमवार, २५ मार्च.

पुढची भिंत उतरवली. कौलं आधी, मग वासे. मीच हात लावला, नाहीतर कंत्राटदाराची माणसं कौलं फोडतात. अकरा वर्षांत भिंतीला एवढा धूर बसला होता की आतली वीट बाहेरच्या विटेहून काळी.

ही उभी राहून बघत होती. एका विटेवर पाय ठेवून म्हणाली, ही माझी पाटली. मग दुसरीवर. मी पाणी प्यायला ओढ्याकडे गेलो, जरा वेळ तिकडेच बसलो.

कादरभाई आले. त्यांचं दुकान आता थेट साठफुटीवर. इतिहासाचं एक पान न वाचता. त्यांनी ओसरीचा कोपरा देऊ केला, भट्टी मांडा म्हणाले, भाड्याचं नंतर बघू. मी म्हटलं, हिंदुराव दुसऱ्याच्या ओसरीवर बसत नाही. ते म्हणाले, जशी मर्जी, पण ओसरी रिकामीच आहे.

आणि बातमी: ओव्हरसियरसाहेबांनी माझ्यासाठी शब्द टाकला आहे. कारखान्याच्या बांधकामावर कॅन्टीन उघडतंय. चारशे मजूर. माझ्यासारखा अनुभवी माणूस हवा म्हणाले. म्हणजे कॅन्टीनचा सगळा कारभार. शिवाय हॉटेलच्या कप-बश्या कंत्राटदाराने एकगठ्ठा विकत घेतल्या, त्याही माझ्याच हाताखाली राहणार. हिला सांगितलं. ती म्हणाली, कारभार म्हणजे नक्की काय, विचारलंत का? मी म्हटलं, असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

संकल्प: पाडव्याला सुरुवात. साडेतीन मुहूर्तांतला एक. वर्षभरात कॅन्टीन, दोन वर्षांत कंत्राट, पाच वर्षांत फॅक्टरी रोडवर स्वतःची इमारत, खाली हॉटेल, वर लॉजिंग.

सोमवार, १ एप्रिल १९५७. पाडवा.

कॅन्टीनची शेड पत्र्याची आहे, ओढ्याच्या काठाला. जुन्या हॉटेलच्या जोत्यापासून पावलं मोजली. एकशे चाळीस. पश्चिमेला.

म्हसोबा वाटेत लागतो. कोणीतरी नवा शेंदूर लावला आहे. दोन्ही डोळे आता सारखे झालेत. दुर्गाबाईच्या शेळ्या त्याच्या पाठीशी चरत होत्या. तिने हात केला.

चहा करायला खानदेशातला एक आचारी आहे. गल्ल्यावर कंत्राटदाराचा मेव्हणा.

हिने घरी गुढी उभारली. सोड्याने बोटं चिरतात म्हणून निघताना खोबरेल दिलं, डबीत. कपांच्या बुडाला मी पूर्वी रंगाने काढलेला ‘हि’ अजून गेलेला नाही.

सकाळपासून दोनशे सहा धुतले.